हेल्गाक्का आणि हुलग्याचा रस्ता

शिवयोगी हत्तुरे यांना मोटार चालवता येत नव्हती. सायकल त्यांनी आयुष्यात एकदाच चालवली होती आणि ती नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या पायरीवर नेऊन थांबवली होती. तरीही गिरणीच्या मॅनेजरांनी त्यांना खोलीत बोलावून, "हत्तुरे, उद्या हेल्गाबाईंना आपल्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची ते तुम्ही शिकवायचं," असं सांगितलं, तेव्हा हत्तुऱ्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही.

"शिकवतो की," ते म्हणाले.

हेल्गाबाई जर्मनीहून आल्या होत्या. चादरींचा रंग धुण्यात उतरू नये म्हणून काय करावं हे दाखवायला त्या गिरणीच्या रंगखात्यात गेले वर्षभर होत्या. पन्नाशीच्या, उंच, कोपरापर्यंत सदा निळ्या नाहीतर लाल झालेल्या. रंगखात्यातल्या बायका त्यांना हेल्गाक्का म्हणत आणि त्या बायकांकडूनच त्या मराठी शिकल्यामुळे त्यांची मराठी अस्सल सोलापुरी होती. त्यांना पुण्याला जायचं होतं आणि गिरणीचा ड्रायव्हर काविळीने अंथरुणात होता. "मी चालवते की," बाई म्हणाल्या होत्या. "माझ्या गावाकडं वीस वर्सं चालवली हाय. शेतातनं, जंगलातनं, बर्फातनं." मॅनेजरांना बर्फाची काळजी नव्हती. त्यांना मोहोळच्या बैलगाड्यांची काळजी होती.

हत्तुरे हे कामाला हेडक्लार्क असले तरी मनाने वाचक होते. वाचनालयात वाहतुकीवर जे काही होतं ते त्यांनी वाचून संपवलं होतं. रस्त्यावर प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्या माणसाला पुस्तक वाचायला वेळ कुठून मिळणार, आणि मग त्याला नियम कसे समजणार, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

"मोडनिंबपर्यंत शिकवून होईल," ते मॅनेजरांना म्हणाले.

"एवढ्यात?"

"पुढचा रस्ताही तसाच आहे साहेब. तिथपर्यंत जे यायचं ते येऊन जाईल."

मोडनिंबच का, हे हत्तुऱ्यांनी मॅनेजरांना सांगितलं नाही, घरी सांगितलं. त्यांची मुलगी विजयमाला हिचं स्थळ मोडनिंबचं होतं. मुलगा सिद्धनाथ बार्शीच्या कॉलेजात शिकवत होता. त्याने मुलगी पाहिली होती, मुलीने त्याला पाहिलं होतं आणि दोघांनीही पुन्हा एकदा पाहण्याची तयारी दाखवली होती. राहिली होती ती बोलणी, आणि ती उद्या मोडनिंबला मुलाच्या घरी व्हायची होती.

अडचण होती ती मुलाच्या आजीची, सुंदरम्मांची. त्या घरात चूल आणि पंचांग दोन्ही सुंदरम्मांच्या हातात होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाहुणा यायचा तर तवा उतरायच्या आत आला पाहिजे. बार्शीचं एक चांगलं सधन स्थळ त्यांनी एवढ्यासाठी मोडलं होतं की मुलीकडची माणसं शेवटची भाकरी होऊन गेल्यावर दारात उभी राहिली. "जी माणसं जेवायला येळेवर येत न्हाईत, ती अडीनडीला काय येणार," असं त्यांनी गावभर सांगितलं होतं.

आणि हत्तुऱ्यांची ख्याती उलट होती. अक्कलकोटचं स्थळ त्यांनी स्वतः घालवलं होतं. एस्टी स्टँडवर पुस्तक वाचत बसले आणि डोळ्यांदेखत गाडी निघून गेली.

"ह्या खेपेला पुस्तक न्हाई," त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाईंनी बजावलं.

"पुस्तक कशाला? गाडी आहे. अँबॅसिडर. तू मागं बस. एस्टीत चेंगरून, घामेजून उतरण्यापेक्षा दारात गाडीतून उतरलो तर सुंदरम्मांवर काय छाप पडेल याचा विचार कर."

"गाडी ती बाई चालवणार. शिकवणार तुमी. छाप पडती का आमी पडतो, ते बगायचं."

विजयमाला दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अप्पा, बाकी काही बोलू नका तिथं. फक्त वेळेवर जा."

दुसऱ्या दिवशी चांगलं सकाळीच निघाले. हेल्गाबाईंच्या हाती गाडी लोण्यासारखी चालत होती. हत्तुरे शेजारी ताठ बसले होते आणि मागे दाक्षायणीबाई मांडीवर शेंगापोळ्यांचा डबा, नारळ आणि पानसुपारी सांभाळत होत्या.

"डाव्या बाजूनं," हत्तुरे म्हणाले.

"डावीकडूनच हाय की, अण्णा."

"आहेच. मी नियम म्हणून सांगितला."

गाव मागे पडलं आणि पुढे कडब्याची एक बैलगाडी आली. रस्त्याच्या बरोबर मधून ती चालली होती. गाडीवान कडब्यावर झोपला होता आणि बैल आपल्या मताने चालले होते. हेल्गाबाईंनी मोटारीचा वेग बैलांइतका केला आणि त्यांच्या मागोमाग शांतपणे चालू लागल्या. 

"हॉर्न वाजवा," हत्तुरे म्हणाले.

"का? त्यानं काय वाईट केलं?"

"वाईट काही नाही."

"मग झोपलेल्या माणसावर वरडायचं कशाला? आमच्याकडं हॉर्न म्हंजे शिवी."

हत्तुऱ्यांना हेच हवं होतं. शिकवण्यासारखं काहीतरी निघालं होतं. "तुमच्याकडं शिवी असेल. आमच्याकडं हॉर्न म्हणजे नमस्कार. मी आलोय, तुम्हीही आहात, दोघंही सुखात राहू, एवढाच त्याचा अर्थ."

हेल्गाबाईंनी यावर विचार केला. "मग न वाजवता पुढं गेलं तर?"

"तर कळतच नाही कोण गेलं. घमेंडखोर समजतात."

"आदी सांगायचं न्हाई का," असं म्हणून बाईंनी हॉर्नवर हात ठेवला. गाडीवान उठला, बैल बाजूला झाले, मोटार पुढे गेली. पण नियम एकदा पटला की तो सगळ्यांना सारखा लावायचा, हा बाईंचा स्वभाव होता. त्यानंतर त्यांनी कुणाला वगळलं नाही. सायकलवाल्याला नमस्कार, शेळ्यांना नमस्कार, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायकांना नमस्कार. लोटा घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेले एक गृहस्थ तर दचकून उठून उभे राहिले आणि त्यांनी उलट हात जोडले.

"अक्का, त्येनला नमस्कार नगं करायचा," दाक्षायणीबाई पदराआडून म्हणाल्या.

"का वैनी? माणूस चांगला होता. उठला की."

हत्तुरे प्रसन्न होते. बाई झपाट्याने शिकत होत्या. अशा वेगाने मोडनिंब पिठलं शिजायच्या आत येईल, असा त्यांचा अंदाज होता. तेवढ्यात ओढ्यावरचा पूल आला.

पूल अरुंद होता, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. पलीकडून एक मालट्रक येत होता. पुलाच्या तोंडाशी येताच त्याने भर उन्हात दिव्यांची उघडझाप केली.

हेल्गाबाईंचा चेहरा उजळला. "किती चांगली माणसं हायत तुमच्याकडं," असं म्हणून त्यांनी खिडकीतून हात हलवला, नमस्काराचा हॉर्न वाजवला आणि गाडी पुलावर घातली. ट्रकवाल्यानेही घातली.

दोन्ही गाड्या पुलाच्या मधोमध एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. मागच्या बाजूने "एऽ यप्पा" असा आवाज आला. दाक्षायणीबाई घाबरल्या की कानडीत शिरत.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. पांढऱ्या दाढीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. गोरी बाई पाहून त्याने तोंडात आलेले शब्द गिळले आणि दुसरे शोधले. "अक्का, मैं लाइट मारा ना?"

"मारला की. म्हणून तर आले."

"लाइट मारा मतलब मैं आरा, तुम ठैरो."

"आमच्याकडं लाइट मारला म्हंजे आदी तुमी या."

ड्रायव्हरचं नाव बडेसाब होतं, हे ट्रकच्या दारावरच लिहिलेलं होतं. बडेसाब दाढी खाजवत उभा राहिला. परदेशाविषयी त्याने पुष्कळ ऐकलं होतं, पण हे नव्हतं ऐकलं. "वहां सब ऐसाच बोलते? आदी तुमी, आदी तुमी?"

"सगळे."

"फिर जाता कौन?"

 दोघांनीही हत्तुऱ्यांकडे पाहिलं. हत्तुऱ्यांच्या एकाही पुस्तकात दिव्यांच्या उघडझापीचा उल्लेख नव्हता. पण ते डगमगले नाहीत. "तो पुढच्या पाठातला भाग आहे," ते म्हणाले. "आता मागं घ्या."

बडेसाबच्या गाडीत कांदा होता आणि मागे दोन बैलगाड्या येऊन उभ्या होत्या. हेल्गाबाईंच्या मागेही तीन. पण त्या रिकाम्या होत्या. त्या परतवल्या, मग मोटार मागे आली, मग ट्रक गेला, मग बडेसाबने जाता जाता "आदी मैं" असं हसून म्हटलं, आणि या सगळ्यात सकाळचा बराचसा भाग ओढ्यावरच संपला.

"पीठ मळलं असेल आता," दाक्षायणीबाई म्हणाल्या. तिकडे मोडनिंबच्या स्वयंपाकघरात काय चाललं असेल, याच मापाने त्या वेळ मोजत होत्या.

"अजून तवा चढायचाय," हत्तुरे म्हणाले. "तोवर पोचतो."

मोहोळ आलं आणि गेलं. रस्ता सरळ होता, समोर कुणी नव्हतं, बाईंनी वेग धरला. हत्तुऱ्यांनी मनातल्या मनात सुंदरम्मांपुढे बोलायची वाक्यं जुळवायला घेतली. पहिलं वाक्य जुळलं आणि गाडी करकचून थांबली. शेंगापोळ्यांचा डबा दाक्षायणीबाईंच्या मांडीवरून पुढे हत्तुऱ्यांच्या मानेवर आला.

"काय झालं?"

हेल्गाबाई समोर बघत होत्या. डांबरी रस्त्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, हुलग्याचं वाळलेलं काड पसरलेलं होतं. शेंगांसकट, चांगलं घोटाभर उंच आणि लांबच लांब. दोन्ही बाजूंना चर होते. बाभळीच्या सावलीत दगडावर एक म्हातारी काठी घेऊन बसली होती आणि तिची सून काड ओढायचं दाताळं घेऊन उभी होती.

"खायचं हाय का हे?" हेल्गाबाईंनी विचारलं.

"हुलगे आहेत. माणसं खातात, बैलही खातात. चला, घाला गाडी," हत्तुरे म्हणाले.

"अन्नावर?"

"अहो, ते त्यासाठीच..."

पण बाई उतरल्या होत्या. "अण्णा, मी लहान असताना लढाई झाली. आमच्याकडं खायला न्हवतं. गाडीतनं पडलेला बटाटा रस्त्यावरनं उचलून, धुवून आमी चौघांनी खाल्ला हाय. मी अन्नावर चाक घालत न्हाई." आणि पलीकडून येणाऱ्या ट्रकसमोर जाऊन त्या दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. तो थांबला. त्याच्या मागचा थांबला. अलीकडे त्यांच्या मोटारीमागे एक थांबला, मग दुसरा.

हत्तुऱ्यांच्या लक्षात आलं की परिस्थिती आता त्यांनीच हाती घ्यायला हवी. ते म्हातारीकडे गेले.

"आजी, नाव काय तुमचं?"

"मायाक्का."

"हे पाहा मायाक्का, हा महामार्ग आहे."

"ठावं हाय की."

"महामार्गावर वाहतुकीला अडथळा करणं हा गुन्हा आहे."

"मग करू नगा. सकाळधरनं गाड्या ये-जा करत्यात, एक बी थांबली न्हाई. तुमीच हुबी केली."

 युक्तिवादात कुठेतरी खोट होती, पण ती हत्तुऱ्यांना पटकन सापडेना. "रस्ता सरकारचा आहे," ते म्हणाले.

"सरकारचा कसा? दुष्काळात ह्या रस्त्याची खडी म्या फोडलीया. सरकार काय आलं न्हवतं फोडाया." मायाक्काने काठीने मोटारीकडे बोट केल्यासारखं केलं. "घाला की वरनं. न्हाई घातली तर मळणार कसं? माजं बैल त्याच दुष्काळात गेलं. तवापासनं हितल्या गाड्याच माजं बैल."

तोवर दाक्षायणीबाई डबा खाली ठेवून उतरल्या होत्या. नवऱ्याचं आणि म्हातारीचं संभाषण तवा उतरेपर्यंत चालेल हे त्यांना दिसलं. त्यांनी ओंजळभर शेंगा उचलल्या, हेल्गाबाईंपुढे तळहातावर चोळल्या आणि फुंकर मारली. टरफलं उडून गेली. हातात तांबूस, चपटे, अख्खे दाणे राहिले.

"बगा अक्का. हे अन्न तुडवणं न्हाई. मळणी हाय. बैलानं तुडवलं काय, चाकानं तुडवलं काय. दाणा फुटत न्हाई, शेंग फुटती."

हेल्गाबाईंनी एक दाणा दाताखाली धरून पाहिला. मग दुसरा. मग त्यांनी काडाकडे, चाकांकडे आणि दाताळं धरलेल्या सुनेकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंगखात्यात नवा रंग धुण्यात उतरला नाही की जो आनंद दिसे तो दिसू लागला.

"समजलं," त्या म्हणाल्या. "मग हे नीट का करत न्हाई?"

"म्हणजे?" हत्तुऱ्यांनी विचारलं.

"ही पोरगी धावत्या ट्रकच्या मधी जाऊन काड परतती. एक दिवस मरंल. आन गाड्या लई जोरात जातात, शेंगा चरात उडतात. हे सेफ न्हाई. आदी सगळ्यांनी थांबायचं. मी एकटी सावकाश चालवणार. पुढं, मागं. मग ह्यांनी परतायचं. मग परत मी. दाणा गोळा झाला की रस्ता मोकळा."

"हेल्गाबाई, आम्हाला मोडनिंबला..."

"अण्णा, मळणी आपण थांबवली तर आपणच पुरी करायची. अर्धं काम सोडून मी कुटं जात न्हाई."

मायाक्काने बाईंकडे नव्या नजरेने पाहिलं. "बाई कुणाची म्हणायची ही?" तिने दाक्षायणीबाईंना विचारलं. "लई कामाची दिसती."

मोटारीत काचा पुसायचं एक लाल फडकं होतं. ते बाईंनी हत्तुऱ्यांच्या हातात दिलं आणि त्यांना मोहोळच्या बाजूला उभं केलं. पलीकडच्या बाजूला मायाक्का काठी आडवी धरून उभी राहिली. दाक्षायणीबाईंनी पदर खोचला आणि हातात काटकी घेतली. काम उरकलं तरच इथून सुटका आहे, हे त्यांना सर्वांआधी कळलं होतं. मोटार काडावरून मुंगीच्या पावलाने निघाली. शेंगा तडतडू लागल्या.

मागे गाड्या साठत चालल्या. खरं म्हणजे एवढ्या ट्रकवाल्यांनी गोंधळ घालायला हवा होता. पण गोरी बाई, लाल फडकं आणि अँबॅसिडर एवढं एकत्र दिसलं की आपल्याकडे माणूस सरकार समजून थांबतो. पुढच्या ट्रकचा क्लीनर तेवढा खाली उतरला.

"मामा, मंत्री यायलाय का कोण?"

"मळणी चालू आहे," हत्तुरे म्हणाले. "रांगेत राहा."

खोटं कशाला सांगा, हत्तुऱ्यांना हे काम आवडायला लागलं होतं. आयुष्यात प्रथमच त्यांनी हात वर केला आणि गाड्या थांबल्या होत्या. दूर, रांगेच्या शेपटाकडे एक एस्टी येऊन उभी राहिली. तिचा कंडक्टर उन्हातून चालत आला. हत्तुऱ्यांनी त्याला वाहतुकीच्या सुरक्षिततेचं तत्त्व समजावून दिलं. कंडक्टर ते ऐकून परत गेला. बसमधल्या लोकांना त्याने काय सांगितलं ते हत्तुऱ्यांना ऐकू आलं नाही.

शेवटी हेल्गाबाईंचं समाधान झालं. दाण्याची रास कडेला लागली, काड बाजूला गेलं. मायाक्काने तिघांच्या पाया पडायची तयारी दाखवली, ती बाईंनी नाकारली आणि त्याऐवजी दाताळ्याला चांगला दांडा बसवून घ्यायला सांगितलं. मग तिघं मोटारीत बसली आणि सर्वांत आधी निघाली.

ऊन डोक्यावर आलं होतं. मागच्या बाजूने काही आवाज येत नव्हता. हत्तुऱ्यांना दाक्षायणीबाईंच्या बोलण्याची कधी भीती वाटली नव्हती. भीती वाटायची ती अशा वेळी.

"शेवटची भाकरी चालली असेल," ते चाचरत म्हणाले.

"तवा उतरून भांडी घासून झाली असतील," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "तोंड काय दाखवायचं पोरीला, ते बगा."

मोडनिंबमध्ये मुलाचं, म्हणजे शेट्यांचं, घर शोधावं लागलं नाही, कारण पेठेतल्या पहिल्याच माणसाने हात करून दाखवलं. दारात मुलाची आई जगदेवी उभी होती. हत्तुऱ्यांनी जुळवलेली सगळी वाक्यं विसरून सरळ हात जोडले. "वहिनी, आम्हाला जरा..."

"या, या. बसा," जगदेवी म्हणाली. तिचा चेहरा विचित्र झाला होता. काळजी करावी की आनंद, हे तिचं ठरत नव्हतं. "अत्तीच, आमच्या सासूबाईच, अजून आल्या न्हाईत की."

झालं होतं असं. मुलाच्या सख्ख्या मामाशिवाय त्या घरी बोलणी पक्की होत नसत, आणि गुरुसिद्धप्पामामा मोहोळला राहत. मामांना स्वतःच्या लग्नालाही उशीर झाला होता, असं सांगत. म्हणून सुंदरम्मा आपल्या मुलाला, म्हणजे जगदेवीच्या नवऱ्याला चनबसप्पांना, घेऊन सकाळच्या एस्टीने स्वतः मामांना आणायला गेल्या होत्या.

"मी लगीन होऊन आल्यापासनं त्यास्नी कधी उशीर झाला न्हाई," जगदेवी हळूच म्हणाली. "तवा तसाच ठेवलाय चुलीवर. रिकामा. उतरवायचं धाडस होईना."

हत्तुरे बसले. दाक्षायणीबाईंनी केसांतलं हुलग्याचं टरफल काढून खिडकीबाहेर टाकलं आणि नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "आता एक शबुद बोलायचा न्हाई." हेल्गाबाई भाकरी कशी थापतात ते बघायला जगदेवीबरोबर आत गेल्या.

बऱ्याच वेळाने सुंदरम्मा आल्या. धुळीने माखलेल्या, घामाने भिजलेल्या. मागे चनबसप्पा आणि त्यांच्याही मागे, उशीर झाला याचा ज्यांना काहीच त्रास झालेला नव्हता असे गुरुसिद्धप्पामामा. बैठकीत बसलेले पाहुणे पाहून सुंदरम्मा उंबऱ्यातच थांबल्या. साठ वर्षांत प्रथमच पाहुणा आत होता आणि त्या बाहेर.

"लई येळ झाला तुमास्नी येऊन?" त्यांनी विचारलं.

"झाला थोडा," हत्तुरे म्हणाले. आणि ते खरं होतं.

"काय सांगू," सुंदरम्मा टेकल्या. "मोहोळच्या म्होरं रस्त्यात कोण येडा लाल फडकं घिऊन हुबा होता म्हनं. कंडक्टर म्हनला, डोकं फिरलंय त्येचं, मळणी मळणी म्हनतोय. सारी वाट तुंबली. तुमी बी त्याच रस्त्यानं आला की. तुमास्नी न्हाई घावली ती गर्दी?"

 दाक्षायणीबाईंनी पानसुपारीकडे पाहायला सुरुवात केली.

"आमच्या पुढं रस्ता मोकळा होता," हत्तुरे ठामपणे म्हणाले.

"बगा," सुंदरम्मा मुलाकडे वळून म्हणाल्या. "येळेवर निगालं की असं असतंय. आपुन मागं ऱ्हायलो, तुंबलो." मग त्यांचा आवाज खाली आला. "माजं चुकलं. पाव्हण्याला ताटकळत ठेवलं. ह्या घरात असं कदी झालं न्हवतं."

त्यानंतरची बोलणी इतकी सोपी झाली की हत्तुऱ्यांना त्यात फारसं बोलावंच लागलं नाही. मानपानाचा विषय चनबसप्पांनी काढला, सुंदरम्मांनी मिटवला. "येळेची माणसं मिळाल्यावर आनी मानपान कशाला?" लग्न मोडनिंबला, आणि कधी, तर मुलीकडच्यांना सोयीचं असेल तेव्हा. मुलीने पुढे शिकायचं म्हटलं तर शिकू दे. मामा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते. शेवटी सुंदरम्मांनी जगदेवीकडून साखरेची वाटी मागवली, हत्तुऱ्यांच्या तोंडात साखर घातली, दाक्षायणीबाईंच्या घातली आणि हत्तुऱ्यांनी त्यांच्या हातावर दिलेली स्वतः घेतली. सोयरीक झाली.

साखर द्यायला म्हणून हेल्गाबाईंनाही बाहेर बोलावलं. त्यांचे हात पिठाने भरलेले होते. परक्या मुलखातल्या बाईशी दोन शब्द बोलावेत म्हणून सुंदरम्मांनी विचारलं, "बाई, आमच्याकडचा रस्ता कसा काय वाटला?"

"रस्ता लई चांगला," हेल्गाबाई म्हणाल्या. "माणसं तर त्याहून चांगली. आमी हुलगं मळलं तवर एवढ्या गाड्या गप उभ्या ऱ्हायल्या. आमच्याकडं कुणी थांबलं नसतं."

"कुणी मळलं?"

"मी मळलं. वैनीनं परतलं. अण्णांनी लाल फडकं धरलं. अण्णा लई छान धरतात."

चनबसप्पा भिंतीकडे पाहू लागले. जगदेवीने तोंडावर पदर घेतला. सुंदरम्मांनी हत्तुऱ्यांकडे पाहिलं. हत्तुऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरच्या दारात उभी असलेली विजयमाला आली, "बाकी काही बोलू नका" म्हणताना.

"साखर गिळली का?" सुंदरम्मांनी विचारलं.

"गिळली," हत्तुरे म्हणाले.

"म्या बी गिळली." त्यांनी साखरेची वाटी खाली ठेवली. "आता काय करता येत न्हाई. तोंडात गेलेली साखर थुंकायची पद्धत न्हाई आमच्यात." मग त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि त्या ताठ बसल्या. "जगदेवी, ऐकलं न्हवं? मला उशीर झाला न्हाई. मला उशीर केला."

जगदेवीने पदर खाली घेतला. तिचं हसणं एका क्षणात ओसरलं.

"आनी हत्तुरे, तुमी," सुंदरम्मा म्हणाल्या, "लग्नाला मोटारीनं यायचं न्हाई, आनी एकटं बी निगायचं न्हाई. आदल्या दिशी मी सोलापूरला येती. गुरुसिद्धाला आणाया जाती तशी तुमास्नी बी घिऊन येती."

हत्तुऱ्यांनी मान खाली घातली. गुरुसिद्धप्पामामांनी सतरंजीवर थोडं सरकून आपल्याशेजारी त्यांना ऐसपैस जागा करून दिली.